एनएलआरपी३ची चाचणी: दोन संकेत वेगळे ठेवून प्रयोग कसा करावा

सातपुड्यातील एखाद्या वनस्पतीचा अर्क मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक) पेशींवर घालायचा, तासाभराने एलपीएस (जीवाणूंच्या आवरणातील दाह चेतवणारा पदार्थ) द्यायचे, दुसऱ्या दिवशी आयएल-१ बीटा (दाहाचे संदेशवाहक प्रथिन) मोजायचे आणि तो कमी आला की ‘हा अर्क एनएलआरपी३ रोखतो’ असे लिहायचे, ही पद्धत शिरपूर, शहादा, धुळे, जळगाव इकडच्या एम.फार्म. आणि एम.एस्सी.च्या मसुद्यांत मला वारंवार वाचायला मिळते. मेहनत खरी असते, आलेखही नीट काढलेला असतो, परंतु त्या प्रयोगातून तो निष्कर्ष निघत नाही. एनएलआरपी३ हे प्रथिन दाहाचा संकेत पुढे नेते हे दाखवायचे असेल, तर प्रयोगाचा क्रम वेगळा लागतो आणि तो क्रम पेशीच्या आतल्या घडामोडींवरून ठरतो. पुढे तो टीएचपी-१ या मानवी पेशीवाणासाठी (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींसाठी) दिला आहे. मात्रा आणि वेळा सुरुवातीसाठी आहेत; प्रत्येकाने त्या आपल्या पेशींवर पडताळून पक्क्या कराव्यात.

काय मोजायचे आहे

मॅक्रोफेजमध्ये दोन संकेत लागतात. पहिल्या संकेतात एलपीएस पेशीबाहेरून टीएलआर४ या ग्राहीला भिडते, माय-डी-८८ व त्यापुढील प्रथिनांच्या साखळीतून आयकेके हे एन्झाइम जागे होते, आयकॅपाबी-अल्फा नष्ट होते आणि मोकळे झालेले एनएफ-कॅपाबी केंद्रकात जाते. तेथे इतर अनेक जनुकांबरोबर दोन जनुके चालू होतात: एनएलआरपी३ आणि प्रो-आयएल-१ बीटा. या टप्प्यावर पेशीत माल साठतो, पण ३१ किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) प्रो-आयएल-१ बीटा निष्क्रिय असते.

दुसऱ्या संकेतात निजेरिसिन (पोटॅशियम पेशीपटलापार नेणारे प्रतिजैविक), पेशीबाहेरील एटीपी, युरिक आम्लाचे स्फटिक किंवा सिलिका यांपैकी काहीतरी पेशीला धक्का देते. निजेरिसिन आणि एटीपी यांच्या बाबतीत पेशीतील पोटॅशियम बाहेर पडणे ही निर्णायक घटना आहे. त्यानंतर एनएलआरपी३ला एनईके७ हे प्रथिन जोडले जाते, एनएलआरपी३ एकत्र येते, एएससी या जोड-प्रथिनाचा एक घट्ट ठिपका तयार होतो आणि त्यावर कॅस्पेस-१ हे प्रथिने कापणारे एन्झाइम सक्रिय होते. या सगळ्या जुळणीला इन्फ्लमासोम म्हणतात. कॅस्पेस-१ दोन गोष्टी कापते. प्रो-आयएल-१ बीटा कापून १७ किलोडाल्टनचा सक्रिय आयएल-१ बीटा मिळतो, आणि गॅसडर्मिन-डी कापले की त्याचा तुकडा पेशीपटलाला छिद्रे पाडतो, ज्यांतून हा आयएल-१ बीटा बाहेर जातो आणि पेशी फुटण्याच्या मार्गाला लागते.

भरिताच्या वांग्यांसाठी कपाशीच्या काड्या रचून ठेवणे वेगळे आणि त्या पेटवणे वेगळे. काड्याच रचल्या नाहीत तर काडेपेटी चांगली की वाईट हे कळणार नाही. अर्क एलपीएसच्या आधी घातला की नेमके हेच घडते: एनएफ-कॅपाबीचा मार्ग थोडा जरी दबला तरी माल साठत नाही, आयएल-१ बीटा कमी येतो आणि त्याचे श्रेय एनएलआरपी३ रोखण्याला दिले जाते.

१. पेशीवाण निवडणे

येथे होणारी चूक पुढच्या सगळ्या श्रमांवर पाणी फिरवते. आपल्याकडे मॅक्रोफेज म्हटले की आरएडब्ल्यू २६४.७ हे उंदराचे पेशीवाण आणले जाते, कारण ते सहज मिळते, पटापट वाढते आणि नायट्रिक ऑक्साइडच्या चाचणीसाठी उत्तम आहे. परंतु या पेशींत एएससी हे प्रथिन तयार होत नाही. एएससी नसल्यामुळे एनएलआरपी३ आणि कॅस्पेस-१ यांच्यामधला दुवाच तुटलेला असतो. अशा पेशींतून दुसऱ्या संकेतानंतर थोडाफार आयएल-१ बीटा एलायझात (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजण्याच्या चाचणीत) दिसला, तर तो मेलेल्या पेशींतून गळालेला प्रो-आयएल-१ बीटा असण्याची शक्यता मोठी आहे. एनएफ-कॅपाबीपुरता प्रश्न असेल तर आरएडब्ल्यू पेशी चालतील. इन्फ्लमासोमसाठी त्या नकोत.

टीएचपी-१, उंदराचे जे७७४ए.१ किंवा उंदराच्या अस्थिमज्जेपासून वाढवलेले मॅक्रोफेज, हे तीन पर्याय योग्य आहेत. अस्थिमज्जेसाठी प्राण्यांच्या नैतिक समितीची मंजुरी लागते, म्हणून पदव्युत्तर प्रबंधाच्या मुदतीत टीएचपी-१ सोयीचे पडते. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून पेशीवाणे मागवता येतात. पेशी मार्च संपण्यापूर्वी आणाव्यात. वाढत्या पेशींचा फ्लास्क पुण्याहून रात्रभराच्या प्रवासात सुखरूप येतो. मे महिन्याच्या दुपारी कुरियरच्या गोदामात पडून राहिलेल्या फ्लास्कबद्दल तशी खात्री देता येत नाही.

तपासणी: आलेल्या पेशी पहिल्या दोन-तीन पॅसेजमध्येच (पॅसेज म्हणजे पेशी नव्या भांड्यात वाटून वाढवण्याची फेरी) गोठवून साठा करावा. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजन जिल्ह्यात येतच असतो. आपल्या विभागाला स्वतंत्र पुरवठा नसेल तर त्या पुरवठादाराकडे चौकशी करावी. वापरातील पेशींचा पॅसेज क्रमांक प्रत्येक प्रयोगाच्या नोंदीत लिहावा.

२. खोली, पाणी आणि सीरम

इनक्युबेटर ३७ अंशांवर लावलेला असतो म्हणून आत ३७ अंशच असतील, हे खानदेशात एप्रिल ते जून गृहीत धरता येत नाही. बहुतेक कार्बन डायऑक्साइड इनक्युबेटर फक्त तापवतात, थंड करत नाहीत, आणि आतले तापमान स्थिर ठेवण्यासाठी खोली साधारण पाच अंशांनी तरी थंड असावी लागते. बाहेर पारा ४४-४५ अंशांवर असताना वातानुकूलन यंत्र बंद पडले, तर खोली ३७च्या वर जाते, आणि इनक्युबेटरचा आकडा ३८, ३९ असा चढत राहतो, तरी कोणताही भोंगा वाजेलच असे नाही. ताप चढलेल्या पेशी आधीच तणावात असतात. आत एक स्वतंत्र किमान-कमाल तापमापी ठेवावा आणि प्रयोगाच्या सकाळी तो वाचूनच सुरुवात करावी. रात्रीतून वीज किती वेळ गेली होती हेही विचारून घ्यावे.

दुसरा शत्रू दिसत नाही. एंडोटॉक्सिन, म्हणजेच नको तिथे आलेले एलपीएस, ऑटोक्लेव्हने जात नाही. ऑटोक्लेव्ह जीवाणू मारतो, पण त्यांच्या आवरणातील एलपीएस जवळजवळ तसेच राहते आणि मॅक्रोफेजला तेवढे पुरते. काचसामान २५० अंशांवर किमान अर्धा तास कोरड्या भट्टीत तापवावे. विभागातील आरओ किंवा जुन्या डिस्टिलेशन यंत्राचे पाणी या प्रयोगाच्या द्रावणांसाठी वापरू नये. औषधाच्या दुकानात मिळणारे इंजेक्शनचे निर्जंतुक पाणी एंडोटॉक्सिनच्या ठरलेल्या मर्यादेत बनवलेले असते, स्वस्त असते आणि छोट्या द्रावणांसाठी पुरेसे होते.

पेशींच्या माध्यमात घालायचे सीरम कमी एंडोटॉक्सिनचे घ्यावे आणि ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून वापरावे. एका प्रबंधासाठी लागणारे सगळे सीरम एकाच बॅचचे घ्यावे, कारण बॅच बदलली की पेशींचा मूळ प्रतिसाद बदलतो आणि मग जुन्या-नव्या आलेखांची तुलना करता येत नाही.

सावधान: मायकोप्लाझ्मा (पेशीभिंत नसलेला अतिसूक्ष्म जीवाणू) असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी निरोगी दिसतात आणि माध्यम गढूळ होत नाही. त्याचे लिपोप्रोटीन टीएलआर२ या दुसऱ्या ग्राहीमार्फत पहिला संकेत सतत देत राहतात. पीसीआरने तपासणी केल्याशिवाय पहिला प्रयोग करू नये. एलपीएस न दिलेल्या वेलमध्येच (प्लेटमधील छोट्या कप्प्यातच) टीएनएफ हे दाहाचे दुसरे संदेशवाहक प्रथिन वर येत असेल, तर दोषी बहुधा मायकोप्लाझ्मा किंवा एंडोटॉक्सिन यांपैकी एक असतो.

३. अर्काची स्वतःची झडती

जो अर्क तपासायचा आहे त्याला पेशींपाशी नेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हा टप्पा प्रबंधांत बहुधा गाळलेला असतो.

पहिला प्रश्न एंडोटॉक्सिनचा. जंगलातून आणलेल्या साली-मुळांवर जीवाणू असणारच. अर्काची लिम्युलस चाचणी (एंडोटॉक्सिन मोजण्याची चाचणी) करून घ्यावी आणि वेलमधील अंतिम पातळी प्रति मिलिलीटर ०.१ एंडोटॉक्सिन युनिटच्या खाली, म्हणजे साधारण १० पिकोग्रॅम एलपीएसच्या खाली ठेवावी. साध्या लिम्युलस चाचणीला बीटा-ग्लुकनही (वनस्पती व बुरशीतील शर्करासाखळ्या) फसवू शकतात, म्हणून अर्कासाठी रिकॉम्बिनंट फॅक्टर-सीवर आधारलेली चाचणी अधिक भरवशाची ठरते. ती परवडत नसेल तर निदान एवढे करावे: अर्क एकटा पेशींवर घालून टीएनएफ मोजावा, आणि शेजारच्या वेलमध्ये अर्काबरोबर पॉलिमिक्सिन-बी (एलपीएसला बांधून निष्प्रभ करणारे प्रतिजैविक) घालावे. पॉलिमिक्सिनने टीएनएफ नाहीसा झाला तर अर्कात एलपीएस होते.

दुसरा विषारीपणाचा. पेशी मारणारा प्रत्येक पदार्थ आयएल-१ बीटा ‘कमी’ करतो. येथे एमटीटी चाचणीवर (जिवंत पेशी रंग जांभळा करतात यावर ती आधारलेली असते) डोळे मिटून विसंबू नये, कारण पॉलिफेनॉल असलेले अर्क पेशींशिवायही एमटीटीचा रंग जांभळा करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. पेशी न घातलेल्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी ठेवून हे पडताळावे.

तिसरा प्रश्न मोजणीत लुडबुड होते का, हा. टॅनिन प्रथिनांना धरतात. अर्क असलेल्या माध्यमात ठाऊक मात्रेचा आयएल-१ बीटा घालून एलायझा करावी. घातलेल्यापैकी जेमतेम अर्धाच परत मिळत असेल, तर तुमचा ‘प्रतिबंध’ पेशीत नसून प्लेटवर घडतो आहे. चौथा प्रश्न द्रावकाचा, आणि त्याचे उत्तर सोपे आहे: डायमिथाइल सल्फॉक्साइड सर्व वेलमध्ये, अर्क नसलेल्यांतही, सारख्याच प्रमाणात असावे आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या आसपास.

४. प्लेटची मांडणी कागदावर

पिपेट हातात घेण्यापूर्वी प्लेटचा नकाशा काढावा. किमान हे गट हवेत: काहीही न दिलेल्या पेशी, फक्त एलपीएस, फक्त निजेरिसिन, एलपीएस आणि नंतर निजेरिसिन, तेच दोन्ही आणि मध्ये एमसीसी९५०, तेच दोन्ही आणि मध्ये अर्क, फक्त अर्क, आणि द्रावकाचे वेल. निजेरिसिनचा साठा इथेनॉलमध्ये असतो, म्हणून इथेनॉलचेही वेल हवे.

एमसीसी९५० हा एनएलआरपी३वर थेट बसणारा अवरोधक आहे आणि या प्रयोगात तो मापदंडाचे काम करतो: तो नीट चालला तर तुमची पद्धत बरोबर आहे. त्याच्याऐवजी बे ११-७०८२ वापरण्याची रूढी आहे, तिच्यापासून दूर राहावे. ते एनएफ-कॅपाबीचा अवरोधक म्हणून विकले जाते, पण एनएलआरपी३वरही थेट परिणाम करते, त्यामुळे दोन संकेत वेगळे करण्याच्या प्रयोगात ते गोंधळच वाढवते. पार्थेनोलाइडचेही तसेच.

पोटॅशियमचा एक गट जोडता आला तर निष्कर्षाला बळ येते. दुसऱ्या संकेताच्या वेळी माध्यमात सुमारे ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड वाढवले की पेशीतून पोटॅशियम बाहेर पडणे मंदावते आणि निजेरिसिनचा परिणाम दबतो. त्याच्या शेजारी तितकेच सोडियम क्लोराइड घातलेले वेल ठेवावे. नाहीतर परिणाम पोटॅशियमचा की खारटपणाचा, हे सांगता येणार नाही.

५. टीएचपी-१ पेशी प्लेटवर बसवणे

टीएचपी-१ तरंगत वाढतात. आरपीएमआय १६४० माध्यम, १० टक्के सीरम आणि ०.०५ मिलिमोलर २-मर्कॅप्टोइथेनॉल यांत त्या ठेवाव्यात आणि घनता प्रति मिलिलीटर दहा लाखांच्या वर जाऊ देऊ नये. एकदा दाटी झालेल्या पेशी पुन्हा विरळ केल्या तरी त्यांचा प्रतिसाद काही दिवस बिघडलेला राहतो.

मॅक्रोफेजसारख्या होण्यासाठी त्यांना पीएमए हे रसायन द्यावे लागते. एककांची गल्लत इथे हमखास होते: १०० नॅनोमोलर पीएमए म्हणजे प्रति मिलिलीटर सुमारे ६२ नॅनोग्रॅम, १०० नॅनोग्रॅम नव्हे. ९६ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला ५० हजार ते एक लाख आणि सहा वेलच्या प्लेटमध्ये दहा ते वीस लाख पेशी घालून ५० ते १०० नॅनोमोलर पीएमएमध्ये २४ तास ठेवावे. नंतर माध्यम काढून, हलक्या हाताने धुऊन, पीएमए नसलेल्या माध्यमात आणखी २४ तास विश्रांती द्यावी.

ही विश्रांती वाचवण्याचा मोह आवरावा. पीएमए स्वतःच एनएफ-कॅपाबी जागवते आणि प्रो-आयएल-१ बीटा तयार करवते. विश्रांती न देता निजेरिसिन दिले तर एलपीएसशिवायही आयएल-१ बीटा भरपूर येतो आणि पहिल्या संकेताला काही अर्थच उरत नाही.

सावधान: पीएमए अर्बुदवाढीला चालना देणारे रसायन आहे. हातमोजे घालूनच हाताळावे आणि साठा प्रकाशापासून झाकून ठेवावा.

तपासणी: विश्रांतीनंतर बहुतांश पेशी तळाला चिकटलेल्या, पसरट आणि आत बारीक दाणे असलेल्या दिसाव्यात. बऱ्याच पेशी तरंगत असतील तर प्रयोग पुढे नेऊ नये.

६. पहिला संकेत

अतिशुद्ध दर्जाचे एलपीएस घ्यावे. साध्या दर्जाच्या एलपीएसमध्ये लिपोप्रोटीन मिसळलेले असतात आणि ते टीएलआर२ही चालू करतात. साठ्याची कुपी बर्फातून काढून लगेच वापरू नये: एलपीएसचे गोळे होतात आणि ते भांड्याच्या भिंतीला चिकटते. खोलीच्या तापमानाला आणून व्होर्टेक्सवर चांगले मिनिटभर फिरवावे, शक्य असेल तर सोनिकेटरच्या पाण्यात काही मिनिटे ठेवावे आणि मगच सौम्य करावे. एकाच साठ्यातून दर वेळी वेगळा प्रतिसाद येतो, या तक्रारीचे मूळ बहुधा या मिनिटभराच्या कंटाळ्यात असते.

टीएचपी-१ साठी प्रति मिलिलीटर १ मायक्रोग्रॅम, तीन ते चार तास. उंदराच्या अस्थिमज्जेतील मॅक्रोफेजसाठी १०० ते २०० नॅनोग्रॅम पुरतात. रात्रभर एलपीएस ठेवून सकाळी उरलेले काम करणे सोयीचे वाटते, परंतु तेवढ्या वेळात पेशींची दुय्यम प्रतिक्रिया सुरू होते, काही पेशी मरतात आणि अर्काचा परिणाम नेमका कोणत्या टप्प्यावर झाला हे धूसर होते.

तपासणी: चार तासांनी वरचे माध्यम काढून जपून ठेवावे. यातील टीएनएफ हा पहिला संकेत पोचल्याचा पुरावा आहे, कारण टीएनएफला इन्फ्लमासोमची गरज नसते.

७. अर्क कधी घालावा

आता मुख्य मुद्दा. अर्काचे दोन वेगवेगळे प्रयोग करावेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

पहिल्या प्रयोगात एलपीएसचे चार तास पूर्ण झाल्यावर माध्यम काढावे, पेशी एकदा धुवाव्यात, सीरमविरहित ताजे माध्यम घालावे आणि त्यात अर्क किंवा एमसीसी९५० द्यावे. एमसीसी९५० एक ते दहा मायक्रोमोलर पुरते. ३० ते ६० मिनिटांनी दुसरा संकेत द्यावा. या क्रमात अर्क येण्याआधीच माल साठलेला असतो, त्यामुळे आयएल-१ बीटा कमी झाला तर कारण दुसऱ्या संकेतात किंवा त्यापुढे शोधता येते. सीरम काढण्याचे कारणही सांगून ठेवतो: सीरममधील अल्ब्युमिन ६६ किलोडाल्टनचे आणि अमाप प्रमाणात असते, आणि वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिने जेलवर आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्यासाठी) माध्यमातील प्रथिने आटवली की तेच जेल भरून टाकते.

दुसऱ्या प्रयोगात अर्क एलपीएसच्या तासभर आधी घालावा आणि दुसरा संकेत देऊच नये. येथे टीएनएफ, पेशींतील प्रो-आयएल-१ बीटा आणि एनएलआरपी३ यांची पातळी मोजावी. शक्य झाल्यास पहिल्या अर्ध्या तासातील आयकॅपाबी-अल्फाचे नष्ट होणेही ब्लॉटवर पाहावे. हा प्रयोग एनएफ-कॅपाबीच्या मार्गाबद्दल बोलतो, एनएलआरपी३ सक्रिय होण्याबद्दल नाही.

काही अर्क दोन्हीकडे परिणाम दाखवतील. तसे असेल तर तसे लिहावे. त्यात कमीपणा नाही. मात्र अर्क आधी घालून, एलपीएस देऊन, मग निजेरिसिन देऊन एकच आकडा काढला, तर दोन्ही परिणाम एकाच स्तंभात गाडले जातात आणि कितीही सांख्यिकी लावली तरी ते वेगळे निघत नाहीत.

अर्कात थोडे एलपीएस आहे अशी शंका उरली असेल तर पहिला संकेत एलपीएसऐवजी पॅम३सीएसके४ने द्यावा. ते टीएलआर२ मार्फत काम करते, त्यामुळे पॉलिमिक्सिन-बी सोबत ठेवूनही पेशींत माल साठतो.

८. दुसरा संकेत

टीएचपी-१ मध्ये निजेरिसिन सर्वांत भरवशाचे. १० मायक्रोमोलर, ४५ ते ६० मिनिटे. ते प्लास्टिकला चिकटून राहते, म्हणून निजेरिसिनसाठी वापरलेल्या टिप्स, ट्यूब आणि माध्यमाच्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्यात आणि प्लेटमध्ये निजेरिसिनचे वेल शेवटी भरावेत. नियंत्रण गटातच आयएल-१ बीटा दिसू लागला की सर्वप्रथम ही गळती तपासावी.

एटीपी वापरायचे असेल तर ५ मिलिमोलर, ३० ते ६० मिनिटे. एटीपीचे ताजे द्रावण चांगलेच आम्लधर्मी असते; १०० मिलिमोलरचा साठा सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ सामूवर आणूनच वापरावा. वेलमध्ये घालताच माध्यमाचा गुलाबी रंग पिवळा पडला, तर पेशींना एटीपी नव्हे, आम्ल मिळाले आहे. साठा पुन्हा-पुन्हा गोठवून वितळवू नये.

युरिक आम्लाचे स्फटिक गाउटच्या दृष्टीने अधिक वास्तव आहेत, पण त्यांना पाच-सहा तास लागतात आणि स्फटिकांवर एलपीएस चिकटलेले असण्याचा धोका असतो. पहिल्या प्रबंधासाठी निजेरिसिनच बरे.

तपासणी: ४० मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. एलपीएस आणि निजेरिसिन दोन्ही मिळालेल्या पेशी गोल होतात, फुगतात, त्यांच्या कडेला एक पारदर्शक फुगा येतो आणि आतले केंद्रक आक्रसून गडद दिसते. एमसीसी९५०च्या वेलमध्ये पेशी बऱ्याच अंशी पसरट राहिलेल्या असतील. हे चित्र दिसत नसेल तर महागडी एलायझा प्लेट अजून उघडू नये.

९. नमुने गोळा करणे आणि मोजणे

प्लेट आधी ३०० ते ५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पटीत) पाच मिनिटे फिरवावी आणि मगच वरचे माध्यम घ्यावे. तरंगणाऱ्या पेशी नमुन्यात आल्या तर त्यांतील प्रो-आयएल-१ बीटाही आला. नोंदीत फेऱ्यांचा आकडा न लिहिता जी लिहावे, कारण दोन सेंट्रिफ्यूजच्या रोटरची त्रिज्या सारखी नसते.

एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारे एन्झाइम) त्याच दिवशी, नमुना न गोठवता मोजावे. नमुन्यातून उत्स्फूर्त गळती वजा करून, सर्व पेशी फोडल्यावर येणाऱ्या कमाल आकड्यातूनही ती वजा करून टक्केवारी काढावी. उरलेले माध्यम एलायझा आणि ब्लॉट अशा दोन कुपींत विभागून उणे ८० अंशांवर ठेवावे.

एलायझा एकटी पुरेशी नाही. अनेक संचांतील प्रतिपिंडे प्रो-आयएल-१ बीटालाही थोडीफार पकडतात. म्हणून किमान एका प्रयोगमालेत माध्यमातील प्रथिने मिथेनॉल-क्लोरोफॉर्मने आटवून वेस्टर्न ब्लॉट करावा आणि १७ किलोडाल्टनचा आयएल-१ बीटा व कॅस्पेस-१चा २० किलोडाल्टनचा तुकडा दाखवावा. त्याच वेलच्या पेशींच्या अर्कात प्रो-आयएल-१ बीटा ३१, कॅस्पेस-१ सुमारे ४५ आणि एनएलआरपी३ सुमारे ११८ किलोडाल्टनवर पाहावे. माध्यमाच्या ब्लॉटमध्ये अ‍ॅक्टिनला तुलनेचा आधार मानता येत नाही. तिथे समान पेशीसंख्या आणि समान घनफळ हाच आधार असतो, आणि तो नकाशाच्या वेळीच ठरवावा लागतो.

एएससीचे ठिपके फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाने पाहता आले तर उत्तम. सक्रिय पेशीत केंद्रकाजवळ साधारण एक मायक्रोमीटरचा एकच ठळक ठिपका असतो. पेशी फुटून सुटून जातात म्हणून हे पाहताना कॅस्पेस-१चा अवरोधक व्हीएक्स-७६५ सोबत ठेवण्याची पद्धत आहे.

१०. आकडे वाचणे आणि वाक्य लिहिणे

माध्यमातील १७ किलोडाल्टनचा पट्टा कमी झाला, एलडीएच कमी झाले, पण पेशींतील प्रो-आयएल-१ बीटा, एनएलआरपी३ आणि पहिल्या माध्यमातील टीएनएफ तसेच राहिले, तर परिणाम दुसऱ्या संकेतात आहे. प्रो-आयएल-१ बीटाही घटला असेल तर पहिल्या संकेताकडे पाहावे. कॅस्पेस-१चा तुकडा तसाच, पण आयएल-१ बीटा बाहेर कमी, असे दिसले तर गॅसडर्मिन-डीची छिद्रे किंवा त्यापुढचा टप्पा तपासावा लागेल. आयएल-१ बीटा कमी पण एलडीएच उलट वाढलेले, हे बहुधा विषारीपणाचे लक्षण असते आणि तिथे निष्कर्ष काढण्याऐवजी मात्रा उतरवावी.

तरीही एवढ्यावर ‘एनएलआरपी३ रोखले’ असे म्हणता येत नाही, कारण एएससी आणि कॅस्पेस-१ ही एनएलआरपी३ची खासगी मालमत्ता नाही. पेशीच्या आत पॉली-डीए-डीटी (कृत्रिम डीएनए) पोचवून एआयएम२ हा दुसरा इन्फ्लमासोम चालू करावा. अर्क त्यालाही तितकाच दाबत असेल तर लक्ष्य एएससी, कॅस्पेस-१ किंवा त्यानंतर कुठेतरी आहे. एआयएम२ तसाच राहिला आणि एनएलआरपी३चाच मार्ग दबला, तरच ‘एनएलआरपी३च्या मार्गावर निवडक परिणाम’ असे लिहावे. एनएलआरपी३ हेच प्रथिन संकेत चालवते हे पक्के करण्यासाठी मात्र ते जनुक काढलेल्या टीएचपी-१ पेशी लागतात: त्यांत निजेरिसिनने आयएल-१ बीटा येत नाही, टीएनएफ मात्र नेहमीसारखा येतो, आणि जनुक परत घातले की प्रतिसाद परत येतो.

एका प्लेटवरील तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. ते एकाच प्रयोगाची तीनदा केलेली मोजणी आहे आणि त्यांची सरासरी हा एक आकडा धरावा. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर, ताज्या एलपीएस आणि निजेरिसिनने केलेले किमान तीन प्रयोग हवेत. पद्धतीच्या प्रकरणात एलपीएसचा दर्जा व बॅच, सीरमची बॅच, पीएमएची मात्रा, विश्रांतीचे तास, अर्क घातल्याची नेमकी वेळ आणि त्या वेळी वेलमध्ये एलपीएस होते की काढले होते, हे सगळे लिहावे. परीक्षकाने सर्वप्रथम विचारायला हवे ते यांतले शेवटचे.